निंबाभाऊंची अट

हितेंद्रनं पडद्यावर दोन पानं शेजारीशेजारी उघडली आणि बोट ठेवून एकेक ओळ ताडून पाहू लागला. डावीकडचं पान जुन्या टेम्प्लेट इंजिनातून आलेलं, उजवीकडचं नव्यातून. गाव, वय, अंत्ययात्रेची वेळ, उत्तरकार्याचा, म्हणजे गंधमुक्तीचा दिवस, सगळं जागच्या जागी होतं.

समाजमंडळाची ही वेबसाइट आठ वर्षांपूर्वी निंबाभाऊंनी उभी केली होती. हितेंद्रला हाताला धरून हे काम शिकवलं, तेही त्यांनीच. धुळे-जळगावकडं समाजातलं कुणी वारलं की घरातलं माणूस मोबाईलवरून माहिती भरायचं. ती साच्यात ओतून पान तयार करणं हे इंजिनाचं काम. ते जुनं इंजिन त्याच्या कर्त्यांनीच आता वाऱ्यावर सोडलं होतं. म्हणून फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा सांगाडा, तेच ठेवून हितेंद्र त्यात दुसरं इंजिन बसवत होता. काही दिवस दोन्ही जोडीनं चालणार होती. नव्याकडं साचा नसला, तर ते पान जुनं सांभाळणार. कीर्तनात बुवांचा आवाज बसला की मागचे टाळकरी चरण उचलून धरतात, कीर्तन खंडू देत नाहीत, तसं.

"दादा, ही अट कसली?" जुना साचा वाचता वाचता मेघानं विचारलं. ऑफिसात येऊन तिला दोनच महिने झाले होते. "नाव निंबा झुलाल बोरसे असेल, तर पान लोकांना कोरं दाखव?"

हितेंद्र हसला.

"चाचणीला कुणाचं तरी नाव लागतंच. पण निधनाच्या पानावर जित्या माणसाचं नाव घालायला हात धजतो का? भाऊ आपलं स्वतःचं घालत. म्हणत, मरणाची खोटी आवई उठली की आयुष्य वाढतं. पन्नासदा तरी मेले असतील."

"आणि लोकांना दिसू नये म्हणून अट?"

"पहिल्यांदा अट नव्हती, तेव्हा दिसलं ना! सुंदरबाई वहिनींच्या माहेरची माणसं, भाऊंची सासुरवाडी, जीप करून रडत आली. भाऊ दारातच उभे. सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं."

मेघाला हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. भाऊ अठरा दिवसांपासून धुळ्याच्या दवाखान्यात होते.

"आज त्यांचं नका ना घालू, दादा."

"आजच तर घालायला हवं."

काल संध्याकाळी भाऊ फोनवर धापा टाकत आपल्या अहिराणीत म्हणाले होते, "इंजिन बदल, साचा बदल. मनी अट तेवढी काढू नको रे भो. माले आजून जगनं शे."

हितेंद्रनं गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला आणि नाव टाइप केलं. भाऊंची अट नव्या साच्यात जशीच्या तशी उतरवली. पान कोरं आलं, म्हणजे सगळं ठीक होतं. चाचणीची नोंद पुसून अकराच्या सुमाराला त्यानं नवं इंजिन सुरू केलं.

पाऊण तासानं फोन वाजला. भाऊंचा मुलगा, स्वप्नील.

"हितेंद्रदादा, ते पान कोरंच येतंय. तीनदा भरलं मी. चारला अंत्ययात्रा निघायची आहे, नातलग फोन करकरून वेळ विचारताहेत. आई म्हणाली, दादालाच लाव."

कुणाचं, हे हितेंद्रनं विचारलं नाही.

"पाच मिनिटं दे," तो म्हणाला.

त्यानं नवा साचा उघडला. इंजिनात काही चुकलं नव्हतं. अट चोख काम करत होती.

मेघा मागं येऊन उभी राहिली. "मी काढू का, दादा?"

"नको."

सगळी ओळ एका झटक्यात पुसता आली असती. त्यानं एकेक अक्षर मागं घेतलं. मग पान भरून आलं. त्यानं बोट ठेवून ते वरपासून खालपर्यंत वाचलं. वेळ बरोबर होती. "रामकृष्ण हरी," तो पुटपुटला, आणि स्वप्नीलला फोन करून सांगितलं, "आता बघ."

पिशवी घेऊन तो उठला, दारापर्यंत गेला, आणि परत येऊन खुर्चीच्या काठावर टेकला. त्याच जागी त्यानं ती अट पुन्हा लिहिली. नाव तेवढं बदललं.

मेघानं वाचलं.

"दादा, हे तर तुमचं..."

"धुळ्याची गाडी गाठायची आहे," तो म्हणाला.