खेचराला बसवलेला खोका

चांगली चाललेली वस्तू दिसली की जावयाचे हात शिवशिवत. गॅरेजमध्ये आठवडाभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करून त्याचे भागत नसे, म्हणून सुटीच्या दिवशी तो सासरी जाऊन धडधाकट वस्तू सुधारायला घ्यायचा. एकदा त्याने सासूबाईंचा मिक्सर असा काही सुधारला की वाटण थेट छताला लागले. सासूबाईंनी स्टुलावर चढून छत पुसले आणि "हौसेला मोल नसतं" एवढेच म्हणाल्या. जावयाला दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही. पण या ग्रहाचे त्या घरात भारी लाड होते, आणि लाडावलेल्या माणसाला आपले चुकते हे जरा उशिराच कळते.

सासऱ्यांची उतारावर रोपवाटिका होती. वर घर आणि शेड, खाली रोपांच्या रांगा, आणि या दोहोंमध्ये दिवसभर ये-जा करणारे खेचर. खेचर म्हणजे चार जाड टायरांची, मोटरसायकलसारखे हँडल असलेली, पुढे-मागे सामानाला लोखंडी जाळ्या बसवलेली कामाची गाडी. कागदोपत्री तिला एटीव्ही म्हणत, पण घरात कोणी म्हणत नसे. नऊ वर्षे सासऱ्यांनी ती एकट्याने चालवली. मेहुणा शेजारच्या गावी बँकेत होता, त्याला मातीची ॲलर्जी होती, किंवा तो तसे सांगायचा.

शेडच्या दारापर्यंत लाकडी उतरण होती. वर गेल्यावर गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून मागच्या जाळीवर खताची पोती बांधायची आणि खेचर उलटे, रिव्हर्समध्ये, वर चढवायचे. दारात सासूबाई उभ्या राहायच्या, गाडी टेकली की दोरी सोडायला. या गाड्यांना वेग द्यायला अंगठ्याने दाबायची पट्टी असते. रिव्हर्समध्ये सासरे ती पार शेवटपर्यंत दाबत, आणि तसे दाबले तरी काही होत नसे. ठिणगी केव्हा पडायची हे ठरवणारा जो काळा खोका गाडीत असतो, त्याला कंपनीने शिकवून ठेवलेले असते की गाडी उलटी जात असेल आणि इंजिन फार पळू लागले तर मधल्या ठिणग्या गाळायच्या. मग गाडी फटफट अडखळत, पण आपल्या औकातीत राहून वर जाते. सासऱ्यांना खोक्याचे काही ठाऊक नव्हते. अंगठा दाबावा आणि खेचराने वर जावे, एवढा त्या दोघांचा करार होता.

"हल्ली चढावर दमतं बिचारं," असे सासरे एकदा सहज म्हणाले. झाले. जावयाने जास्त ताकदीचा खोका मागवला, जोरकस ठिणगीची कॉइल मागवली, भारीतला प्लग मागवला आणि एका रविवारी सकाळी खेचराची सीट काढून बसला. खोक्यासोबत आलेल्या कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिले होते की हा बसवल्यावर कुठल्याच गिअरमध्ये वेगाची मर्यादा राहत नाही, रिव्हर्समध्येही नाही. त्याने ते वाचले. हे मामांना सांगायला हवे, असे मनाशी म्हणाला आणि कागद खिशात घातला.

मग सासरे खालपर्यंत एक चक्कर मारून आले. चेहरा असा फुललेला की दहा वर्षांनी लहान दिसत होते. "जावईबापू, खेचराचा घोडा केलात की हो," ते म्हणाले. सासूबाई हसत होत्या, आणि बायको त्याच्याकडे जसे बघत होती तसे तिने कित्येक महिन्यांत बघितले नव्हते. अशा वेळी 'पण मामा, मागे घेताना जपून' हे कोण म्हणेल? सांगू जेवताना, असे त्याने ठरवले. जेवताना परत कौतुक निघाले. सांगू निघताना, असे ठरवले. निघताना सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि त्या थापेसह तो घरी आला.

मंगळवारी खताची पोती आली. सासऱ्यांनी चार पोती मागे बांधली, खेचर उतरणीला लावले आणि नऊ वर्षांच्या सवयीने अंगठा पूर्ण दाबला. खेचर एका झेपेत वर गेले, उंबरा ओलांडून आत घुसले आणि कुंड्यांच्या फळीवर आदळले. सासूबाई बाजूला उडी मारायला गेल्या आणि मनगटावर पडल्या. हाड दोन ठिकाणी मोडले.

जावई इस्पितळात पोहोचला तेव्हा सासरे बाकावर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. "माझा अंगठा चुकला," ते म्हणाले. "किती दाबला ते कळलंच नाही बघा. वय झालं."

जावयाला तिथल्या तिथे सगळे उमगले. त्याने तोंड उघडलेही. तेवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावले आणि सासरे उठून गेले. सांगायचे ते राहून गेले. खरे बोलायला उशीर केला की त्याचे वजन वाढत जाते, आणि पहिल्या दिवशी जे चमच्याने उचलता आले असते त्याला आठवड्याने क्रेन लागते.

नुसते गप्प राहण्यावर भागले असते तरी एक वेळ ठीक होते. दोन दिवसांनी मेहुण्याने त्याला बाजूला घेऊन विचारले, "दाजी, गाडीत काही दोष आहे का, एकदा बघता? तुम्ही ते नवीन बसवलंत त्याचं तर काही नाही ना?" जावयाने खेचर तपासल्यासारखे केले. ब्रेक दाबून पाहिले, तारा ओढून पाहिल्या. मग हात पुसत म्हणाला, "ते फक्त पुढे पळायला. गाडीत दोष काही नाही." दोष नाही हे शब्दशः खरे होते, कारण खोका अगदी सांगितल्याप्रमाणे चालत होता. एवढ्याशा खऱ्याचा आडोसा करून तो घरी गेला. त्याच्यापेक्षा वकील परवडला.

त्यानंतर सासऱ्यांचे डोळे तपासले. डोळे ठीक निघाले. मग नसांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी बोटांना टाचणी टोचली, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितले, एका रेषेवरून चालवले. पासष्टी ओलांडलेला माणूस परक्या खोलीत रेषेवरून चालत होता आणि जावई कोपऱ्यात त्यांची चप्पल सांभाळत उभा होता. काही सापडले नाही. "वयानं होतं असं कधी कधी," डॉक्टर म्हणाले, आणि तेच मग सर्वांनी धरले. मेहुण्याने किल्ली आपल्याकडे घेतली. खेचर विकून टाकावे आणि सामान वाहायला माणूस ठेवावा, असे ठरत आले. सासऱ्यांनी वादच घातला नाही. ते स्टुलावर बसून पिशव्यांत माती भरू लागले.

सासूबाईंचे केसही तेच विंचरून देऊ लागले. त्यांना एका हाताने वेणी घालता येत नव्हती. जावई रविवारी गेला की दोघे ओसरीवर दिसायचे. सासरे कंगवा अगदी हलक्या हाताने फिरवायचे, गुंता आला की थांबायचे, आणि मध्येच म्हणायचे, "माफ कर गं. माझ्या हातानं झालं." सासूबाई म्हणायच्या, "पुरे आता. किती वेळा म्हणाल?" जावई समोरच्या खुर्चीत मूग गिळून बसलेला असे. करणारा मी आणि माफी मागणारे हे, हे त्याला कळत होते. पण उठून सांगायचे म्हटले की सासूबाईंचे हसणे, ती पाठीवरची थाप, बायकोची ती नजर हे सगळे हातचे जाईल ही भीती आधी उभी राहायची. दुसऱ्याच्या अब्रूवर आपली अब्रू राखली जात होती, आणि तरीही ती त्याला राखावीशी वाटत होती. यापेक्षा लाजिरवाणे काय असते ते त्याला ठाऊक नव्हते.

अपघातानंतरच्या तिसऱ्या रविवारी त्याची दोन वर्षांची मुलगी आजोबांपुढे हात वर करून उभी राहिली. त्यांनी तिला उचलले नाही. खाली वाकून म्हणाले, "नको बाळा. आजोबांच्या हातांचा भरवसा नाही आता." पोरगी हात वर करून तशीच उभी राहिली. मग बायकोने तिला उचलले आणि तोंड फिरवून आत गेली.

तेव्हा जावई उठला. पण शूर माणसे उठतात तसा नव्हे. ऑइल बघतो म्हणून तो खेचरापाशी गेला, सीट काढली, नवा खोका आणि कॉइल काढली आणि आपल्या कारच्या डिकीत तीन आठवडे पडून असलेला जुना खोका नि जुनी कॉइल परत जागेवर बसवली. अर्ध्या तासाचे काम. त्याचा हिशोब सोपा होता. मामा एकदा रिव्हर्समध्ये चढवतील, खेचर पूर्वीसारखे वागेल, त्यांचा विश्वास परत येईल आणि कोणाला काही सांगायची वेळच येणार नाही. माणसाला चोरून केलेल्या चुकीची भरपाईही चोरूनच करावीशी वाटते.

"मामा, एकदा चालवून बघा," तो म्हणाला. "मी आहे ना शेजारी."

मेहुण्याने कुरकुरत किल्ली दिली. सासूबाई गळ्यात हात अडकवून अंगणात आल्या. सासरे नको नको म्हणत खेचरावर बसले. जाळीवर एकच पोते बांधले होते. त्यांनी रिव्हर्स टाकला, अंगठा पट्टीवर ठेवला आणि जेमतेम दाबला. खेचर हातभर चढले आणि परत खाली आले. "अजून दाबा," जावई म्हणाला. त्यांनी तेवढाच दाबला. "पूर्ण दाबा मामा, काही होणार नाही."

"नाही दाबवत," सासरे म्हणाले. त्यांनी इंजिन बंद केले आणि खाली उतरले. "गाडीचं काही नाही हो. मलाच आता माझी खात्री नाही."

बायको जावयाजवळ आली आणि त्याच्या दंडाला हात लावून हळूच म्हणाली, "राहू दे. तू प्रयत्न केलास. बाकी सगळ्यांनी तर त्यांना मोडीतच काढलं."

तो हात त्याला सोसवला नाही. तो बाजूला झाला.

"मामा, अंगठा चुकला नव्हता तुमचा," तो म्हणाला. "मी बसवलेल्या खोक्यानं झालं ते. जुना खोका रिव्हर्समध्ये गाडी धरून ठेवायचा. नवा धरत नव्हता. तुम्ही रोजच्यासारखंच दाबलंत. आत्ता मी जुना परत बसवलाय."

मेहुणा हसल्यासारखे काहीतरी करून थांबला.

"रोजच्याइतकाच दाबला होता मी?" सासऱ्यांनी विचारले.

"रोजच्याइतकाच."

"तुम्हाला कधी कळलं?"

इथेही एक पळवाट होती. आज कळले म्हणता आले असते, आणि सगळ्यांनी त्यावर आनंदाने विश्वास ठेवला असता. जावयाला ती वाट स्पष्ट दिसली.

"बसवतानाच," तो म्हणाला. "कागदावर लिहिलं होतं. तुम्ही खूश होता, म्हणून बोललो नाही. नंतर भीती वाटली."

सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिले. "ऐकलंस का," ते म्हणाले, "माझ्या हातानं नव्हतं झालं." आणि त्यांचे डोळे भरून आले. इस्पितळात आले नव्हते, टाचण्या टोचताना आले नव्हते. ते त्यांनी बाहीने पुसले आणि जावयाकडे वळले.

"गाडीचं राहू द्या. चूक कोणाचीही होते. पण मी हिची रोज माफी मागत होतो, आणि तुम्ही समोर बसून ऐकत होता."

जावयाने मान खाली घातली.

"सरका," सासरे म्हणाले. ते परत खेचरावर बसले, रिव्हर्स टाकला आणि अंगठा शेवटपर्यंत दाबला. खेचर फटफटले, अडखळले, कुरकुरत उतरण चढून दारात टेकले. सासऱ्यांनी उतरून पोत्याची दोरी सोडली, पोते स्वतःच उचलून आत नेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

बायको मुलीला कडेवर घेऊन गेटकडे निघून गेली होती. जावई सासूबाईंसमोर उभा राहिला. "मामी, तुम्ही मला दोन शब्द सुनवा तरी," तो म्हणाला. "माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला."

सासूबाईंनी प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने सावरला. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, नुसता दमलेला होता.

"आत्ता 'असू दे' म्हटलं तर ते खोटं होईल," त्या म्हणाल्या, "आणि खोटं या घरात पुष्कळ झालं. तीन आठवड्यांनी प्लास्टर निघेल. हात कसा राहिलाय ते बघू. तेव्हा या आणि विचारा."

जावई बरे म्हणाला. त्याला शिव्या हव्या होत्या, आणि मिळाली होती तारीख.