समोरचा फळा

मित्रांनो, फळा म्हटला की तुम्हाला शाळा आठवते. मी मात्र शाळेचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. मी एक जुना फळा आहे, पण नाक्यावरचा. चिंचणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. एका अंगाला कोळीवाडा आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या आणि मधोमध नाका. तिथे बोईसरहून येणारी एसटी थांबते, आणि तिथेच माझं सगळं आयुष्य गेलं.

माझा जन्म अठ्ठ्याहत्तर सालचा. चिंधू सुतार कोळीवाड्यात होड्या बांधायचा. एका होडीच्या उरलेल्या सागवानी फळ्या जोडून त्याने मला घडवलं. बॅटरीचे जुने सेल फोडून काळी पूड काढली, तिच्यात पाल्याचा रस कालवला आणि मला तीनदा माखलं. "समुद्रात गेला असतास तर मासळी बघितली असतीस, आता मानसं बघ," असं म्हणून त्याने मला दोन खांबांवर ठोकलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझ्या अंगावर काय लिहिलंय ते मला कधीच दिसत नाही. तुम्हाला तरी स्वतःचं कपाळ कुठे दिसतं? खडू फिरला की गुदगुल्या होतात, एवढंच मला कळतं. मग कुणीतरी येतं, मोठ्याने वाचतं, आणि तेव्हा कुठे माझी बातमी मला समजते. त्यामुळे माझा स्वभाव जन्मापासून चौकस. एसटीतून कुणी उतरलं की मी मनात म्हणायचो, अरे बाबा, वाच ना मोठ्याने!

मला लावलं ते दोन मित्रांनी. दिनानाथची चिकूची वाडी होती. शांताराम कोळीवाड्यातला, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. दोघे एका पक्षाचे, एका ताटात जेवणारे. त्यांचा राग होता पालघरच्या एका साप्ताहिकावर. बोईसरला कारखाने आले होते, खाडीचं पाणी काळं पडून मासळी मरत होती आणि साप्ताहिकात त्याची एक ओळ येत नव्हती. संपादक म्हणायचा, आम्ही कोणत्याच बाजूचे नाही.

मला ठोकतानाच दोघांची जुंपली.

"वर झेंडा नको काढू दिना," शांताराम म्हणाला. "झेंडा बघितला का निम्मी मानसं वाचायच्या आधीच मान फिरवतील."

"काढनार!" दिनानाथ म्हणाला. "तो संपादक म्हनतो मी कुनाचाच नाय. मंग खाडीचं का नाय छापलं? आपन कोन ते सांगून लिवू. लपून काय लिवायचं?"

"अरे, खाडी सगळ्यांची हाय. फळा पन सगळ्यांचा असू दे."

"सगळ्यांचा म्हंजे कुनाचाच नाय."

मी दोघांचं ऐकत होतो आणि मला दोघांचंही पटत होतं. लाकडाला मत नसतं म्हणतात, पण मला दोन दोन मतं होती. शेवटी झेंडा काढला गेला. रंगाने माझा वरचा कोपरा चिकट झाला, आणि मी पक्षाचा फळा झालो.

पण काय सांगू, पहिली दोन वर्षं माझ्यापुढे जत्रा असायची! दिनानाथचं अक्षर टपोरं. खाडीचं तो रोज लिहायचा: आज कुणाच्या जाळ्यात मेलेली मासळी आली, कुणाच्या पायाला खाज सुटली. गोदूबाई नावाची कोळीण बाजाराला जाताना टोपली डोक्यावर तशीच ठेवून उभी राहायची. "मला वाचता येत नाय, जरा मोठ्यान् बोला रे!" असं ती दरडावायची. तिचे माझ्यावर फार उपकार आहेत. तिच्यामुळे मला माझीच बातमी रोज ऐकायला मिळायची. कारखान्यातले कामगारसुद्धा थांबायचे, "क्या लिखा है भाई?" म्हणायचे. अखेर एक दिवस सरकारी माणसं आली आणि बाटल्यांतून खाडीचं पाणी घेऊन गेली. मग साप्ताहिकानेही छापलं. त्या दसऱ्याला गावाने मला झेंडूचा हार घातला आणि मी छाती काढून उभा राहिलो.

पुढे आमच्या पक्षाची ग्रामपंचायत आली. कमलाकांत सरपंच झाला. गावाला बोअरिंग मंजूर झालं आणि ते खोदलं गेलं नेमकं कमलाकांतच्या आळीत. कोळीवाड्यातल्या बायका हंडे घेऊन तेवढं अंतर तुडवू लागल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"लिव," शांताराम म्हणाला.

दिनानाथ खडू हातात घेऊन बराच वेळ घुटमळला. "निवडनूक होऊन जाऊ दे रे. आपल्याच मानसाचं आपनच कसं लिवायचं?"

"खाडीचं लिवलंस तवा निवडनुकीपर्यंत थांबलास काय?" शांताराम म्हणाला. "मंग हा फळा आपला नाय राह्यला. कमलाकांतचा झाला."

तो गेला तो गेलाच. दुसऱ्या पक्षाला आयता लिहिणारा मिळाला. महिन्याभरात रस्त्याच्या पलीकडे, बरोबर माझ्या समोर, दुसरा फळा उभा राहिला. प्लायवूडचा होता. पावसाळ्यात त्याचं पोट सुटायचं. मी मनात त्याला ढेरपोट्या म्हणायचो.

पण मित्रांनो, त्याच्यामुळे माझी एक मोठी सोय झाली. स्वतःवरचं मला दिसत नव्हतं, त्याच्यावरचं मात्र लख्ख दिसायचं. पहिल्याच दिवशी शांतारामने लिहिलं, "बोअरिंग गावाचं की सरपंचाच्या अंगणाचं?" गावात चर्चा पेटली आणि कोळीवाड्यासाठी दुसरं बोअरिंग मंजूर झालं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. ते वाक्य माझ्या अंगावर यायला हवं होतं.

अर्थात, ढेरपोट्याही काही धुतल्या तांदळाचा नव्हता. त्यांच्या पुढाऱ्याने मासळी सुकवायच्या वाळूत स्वतःचे ट्रक उभे केले, तेव्हा तो मुका झाला. ते लिहिलं माझ्यावर. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दोन्हीकडे हाच प्रकार. ज्याला गावाची पुरी खबर हवी त्याने दोन्ही फळे वाचावेत, इतकं ते सोपं होतं.

पण वाचतो कोण! दिनानाथने शपथ घेतली की त्या फळ्याकडे मान वळवणार नाही. मग त्याच्या बाजूच्या सगळ्यांनीच ती पाळली. एसटीची वाट बघणारेसुद्धा पाठमोरे उभे राहू लागले. लग्नं वाटली गेली, पूजा वाटल्या गेल्या, आणि शेवटी मयतंही वाटली गेली. आमच्याकडे कुणी वारलं की नाक्यावरच्या फळ्यावर लिहायची रीत आहे. नाव लिहायचं आणि खाली अंत्ययात्रेची वेळ. आता त्यांच्यात कोण वारलं ते समोर लिहिलं जायचं, आमच्यात कोण गेलं ते माझ्यावर.

गोदूबाई तेवढी दोन्हीकडे टोपली घेऊन उभी राहायची. शांतारामही जाता जाता माझ्याकडे बघायचा, त्याचे ओठ हलायचे. पण तो मोठ्याने वाचत नसे, म्हणून मला काही कळत नसे. त्या दोघांचं बोलणं मात्र पार बंद झालं होतं. दिनानाथ रोज सकाळी यायचा, समोरच्या फळ्याकडे पाठ करून मला पुसायचा, लिहायचा आणि तसाच वाडीत जायचा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पुन्हा निवडणूक आली. दिनानाथने शांतारामला माझ्यावरून आव्हान दिलं की नाक्यावर सभेला ये, समोरासमोर बोलू. शांतारामचं उत्तर आलं नाही. दिनानाथला वाटलं, गडी घाबरला. त्याला चेव आला. रोज खडू माझ्यावर जोराने फिरू लागला.

इकडे मी भलत्याच कोड्यात पडलो होतो. ढेरपोट्यावरचं अक्षर बदललं होतं. शांतारामचं अक्षर उजवीकडे झुकायचं, हे सरळ होतं. मजकूरही तोकडा, सभेची वेळ आणि बाजारभाव एवढाच. कोण लिहीत असेल? शांताराम कुठे गेला असेल? मग दिसलं की त्याची मुलगी जयवंती येऊन लिहिते. लिहून झालं की ती माझ्यासमोर येऊन उभी राहायची, मनातल्या मनात वाचायची आणि घाईने कोळीवाड्याकडे परतायची.

आणि एके दिवशी अगदी सकाळी, नाक्यावर चिटपाखरू नसताना, जयवंती आली. तिने ढेरपोट्या स्वच्छ पुसला आणि लिहिलं, "दुःखद निधन. शांताराम तांडेल. अंत्ययात्रा सकाळी दहा वाजता." खडू तिथेच ठेवला आणि तोंडाला पदर लावून ती निघून गेली.

थोड्या वेळाने दिनानाथ आला. समोर पाठ करून उभा राहिला. गुणगुणत होता. मला वाटलं, आता वळेल, निदान खडू झटकताना तरी वळेल. मला हात असते तर मी त्याची हनुवटी धरून वळवली असती. त्याने लांबलचक काहीतरी लिहिलं, खाली जोरात रेघ मारली आणि तो वाडीत गेला. काय लिहिलं ते मला कळायला मार्ग नव्हता. नाक्यावर जे दोन-चार जण आले ते समोरचं वाचून कोळीवाड्याकडे धावले. दिनानाथला सांगायला कुणी गेलं नाही. समोर एवढं ढळढळीत लिहिलंय, तो रोज इथे येतो, मग शपथ असली तरी त्याला माहीत नसेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आमचं स्मशान नाक्यापलीकडे खाडीकाठी आहे. वाटेत तिरडी खाली ठेवून विसावा देतात, आणि विसाव्याची जागा म्हणजे आमचा नाका. इथवर बायकाही येतात आणि इथून माघारी फिरतात. त्या दिवशी शांतारामला आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये खाली ठेवलं. त्याचा चेहरा माझ्याकडे होता. खांदा बदलायला थांबलेल्या एकाची नजर माझ्यावर गेली आणि सवयीने तो मोठ्याने वाचून गेला.

"शांताराम, लपलास कुठे? हिंमत असेल तर नाक्यावर ये!"

मित्रांनो, माझ्या अंगावर काय आहे ते मला तेव्हा कळलं. मी पाऊस सोसला, वाळवी सोसली, पण तसा जीव माझा कधी तुटला नाही. तो आला होता. चौघांच्या खांद्यावरून नाक्यावर आला होता.

पोरं खवळली. कुणी दगड उचलला, कुणी माझा खांब हलवला. तेवढ्यात जयवंती पुढे आली. रडून तिचा आवाज बसला होता.

"मोडू नका," ती म्हणाली. "पुसू पन नका. ज्यानं लिवलंय त्याला आना."

म्हातारे कुरकुरले की विसाव्याला असं खोळंबून चालत नाही. पण ती हलली नाही. गोदूबाई उठली आणि वाडीकडे निघाली.

दिनानाथ आला तो हाताला माती तशीच घेऊन. गोदूबाईने नुसतं नाक्यावर चल म्हटलं असावं, भांडण झालं असेल या समजुतीने तावातावात आला होता. तिरडी पाहून थबकला.

"कोन गेलं?"

जयवंतीने फक्त समोर बोट दाखवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिनानाथने मान वळवली. तो वाचू लागला, नावापर्यंत आला आणि त्याचा आवाज तिथेच राहिला.

"मला कुनी सांगितलं नाय गं, पोरी," तो कसंबसं म्हणाला.

"तुमी यायच्या आधी लिवलं होतं, दिनाकाका. तुमी हितंच उबे होते. तुमची पाठ होती."

दिनानाथने माझ्याकडे पाहिलं. फडकं शोधायचंही त्याला सुचलं नाही. दोन्ही तळव्यांनी तो मला पुसू लागला. खडू आणि चिखल एक झाला.

"बाबा तुमचा फळा रोज वाचायचे," जयवंती म्हणाली. "आजारी पडले तवा मी वाचून जायची आनि त्यांना सांगायची. कालचं पन सांगितलं. हसले. म्हनाले, दिनाला राग आला का त्याचं अक्षर आनखी चांगलं येतं. बरा झालो का जातो नाक्यावर."

मातीने भरलेले हात माझ्यावर टेकून दिनानाथ लहान मुलासारखा रडला. जयवंतीने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "आता खांदा द्या, काका. उशीर झालाय." समोरच्या पक्षाचा एक जण बाजूला झाला आणि दिनानाथने खांदा दिला.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर दोन्ही फळे एक झाले. छे! दिनानाथ पक्षाचाच राहिला. पूर्वीइतकंच झणझणीत लिहायचा. फक्त लिहायच्या आधी तो रस्ता ओलांडायचा, समोरचा फळा गोदूबाईला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मग माझ्याकडे यायचा. तिकडे मयताची खबर असली की आधी ती माझ्यावर उतरवायचा. पक्षातले म्हणाले, "हा आपला फळा हाय, टपाल हापीस नाय." तो म्हणाला, "मंग दुसरा लिवनारा बघा." तसं टपोरं अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं, म्हणून ते गप्प बसले.

पुढे दिनानाथ थकला. गावात केबल आली, पक्षांनी पत्र्याचे रंगीत फलक लावले. ढेरपोट्या एका पावसाळ्यात विरघळून गेला. त्याचं मला फार वाईट वाटलं. मला उपटून पक्षाच्या कचेरीमागे भिंतीकडे तोंड करून टेकवून ठेवलं. तेव्हापासून मी तिथेच आहे.

मुलांनो, आपला फळा लावू नका असं मी कधीच सांगणार नाही. खाडीचं कुणी लिहीत नव्हतं, तेव्हा झेंडा काढलेला मीच कामी आलो. जरूर लावा, नाव सांगून लिहा, ठणकावून लिहा. फक्त लिहिताना तुमची पाठ कुणाकडे झाली आहे ते विसरू नका.

आणि या म्हाताऱ्यासाठी एवढं करा. मला पुन्हा रंगवू नका, हार तर मुळीच नको. फक्त माझं तोंड भिंतीकडून फिरवून रस्त्याकडे करून ठेवा. समोर कुणी काय लिहिलंय ते मला वाचायचं आहे.