तळाशी शिसं शिवलेली टपालपिशवी

मी एक जुनी जाड कापडाची पिशवी आहे. मित्रांनो, पिशवी म्हटल्यावर तुम्हाला भाजी आठवली असेल, तर तो विचार सोडून द्या. मी सरकारी टपालाची पिशवी. माझ्या तळाशी शिशाचे गोळे शिवलेले होते आणि दोन्ही अंगांना भोकं होती. शत्रूचं जहाज दिसलं की मला समुद्रात फेकायचं, मी झटकन तळ गाठायचा, म्हणजे आतली पत्रं कुणाच्या हाती लागत नाहीत. बुडण्यासाठीच जन्माला घातलेली वस्तू जगात फारशी सापडायची नाही.

माझा जन्म उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीच्या बंदरातला. मला शिवलं ओबेड टारबॉक्सनं. तो एका अमेरिकन जहाजावर शिडं शिवायचा. त्रिपोलीचा सत्ताधीश पाशा, त्याच्या गलबतांनी ते जहाज धरलं आणि ओबेड, त्याचा धाकटा भाऊ एसा आणि बाकीचे खलाशी गुलाम झाले. पायात लोखंडी कडं घालून दिवसभर तटासाठी दगड वाहायचे. ओबेडच्या हातात कसब होतं, म्हणून त्याला अधूनमधून अमेरिकेच्या कॉन्सलकडे, म्हणजे तिथल्या सरकारी वकिलाकडे, शिवणकामाला धाडत. कॉन्सल थॉर्नडाइक मनानं चांगले, पण हात बांधलेले. कैद्यांना सोडवायचं तर मायदेशाहून हुकूम हवा, आणि हुकूम यायचा तर त्यांचं पत्र तिकडं पोचायला हवं. ते पत्र माझ्यातून जाणार होतं.

ओबेड मला शिवत होता तेव्हा कॉन्सलचा दुभाषी निस्सीम शेजारी खजूर खात बसला होता.

"अरे, किती शिसं कोंबतोस? पिशवी शिवतोयस की नांगर?"

"हे पत्र पाशाच्या माणसांनी वाचलं तर आमच्या सुटकेची किंमत दुप्पट होईल. बुडायची वेळ आली तर नीट बुडू दे," ओबेड म्हणाला. "पण देवा, ती वेळ नको. एसाच्या खोकल्यातून आता रक्त पडतंय."

निस्सीमनं खजूर खाली ठेवला.

कॉन्सलसाहेब प्रत्येक पत्र तीनदा लिहीत आणि तीन वेगळ्या जहाजांनी पाठवत. एक बुडालं, एक पकडलं गेलं, तरी एक पोचेल. पण त्या वर्षी गावात प्लेग आला, बंदर बंद होऊ लागलं, आणि निघणारं जहाज एकच उरलं.

"साहेब, तिन्ही प्रती एकाच पिशवीत?" निस्सीमनं विचारलं.

"तीन पाठवायच्या असा नियम आहे. तीन पाठवल्या," साहेब थकलेल्या आवाजात म्हणाले.

मला तेव्हाच धस्स झालं. पण पिशवीला कोण विचारतो?

मला घेऊन जहाज निघालं. किनारा दिसत होता तोवरच समोरून लाल निशाणाचं जहाज आलं. आमच्या जहाजाचा कप्तान प्रुइट ओरडला, "चाचे! पिशवी टाका!"

"कप्तान, अजून लांब आहेत. जरा दम धरा की," सुकाणूवाला म्हणाला.

"मला अक्कल शिकवू नकोस. टाक म्हटलं ना!"

मी पाण्यावर आदळले, तेवढ्यात ते लाल निशाण उतरलं आणि स्वीडनचं चढलं. ते बिचारे साधे व्यापारी. आम्हालाच चाचे समजून भीतीनं खोटं निशाण लावून आले होते! मी पाहिलं, आणि बुडाले. ओबेडचं काम चोख होतं.

कप्तान पुढं निघून गेला. आपलं हसं होईल या धास्तीनं असेल, त्यानं कुठल्याच बंदरातून एक ओळ कळवली नाही. इकडं साहेब निश्चिंत होते. तिन्ही प्रती एकाच पिशवीत होत्या हे जणू विसरून, तीनपैकी एक तरी पोचलीच असणार, असं धरून ते उत्तराची वाट बघत राहिले. ओबेडही बघत राहिला. हिवाळ्यात एसा गेला.

पुढं मी कोळ्यांच्या जाळ्यात अडकून वर आले आणि बाजारात पोचले. निस्सीमनं मला ओळखलं आणि साहेबांच्या टेबलावर आणून ठेवलं. आत कागदाचा लगदा होता आणि लाखेच्या तीन मोहरा. ओबेडला बोलावलं. त्यानं माझ्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"टाका माझाच आहे."

"मला वाटलं, एक तरी..." साहेब त्या तीन मोहरांकडे बघत म्हणाले.

"साहेब, बुडवली त्याचं काही नाही. पण बुडवली असं त्या कप्तानानं सांगितलं का नाही? तुम्ही लगेच परत लिहिलं असतंत. एसा तेव्हा आपल्या पायांनी चालत होता हो!"

साहेबांनी त्याच दुपारी पुन्हा पत्र लिहिलं. ते पोचलं, हुकूम आला, कैदी सुटले. बोटीत ओबेड भावाशिवाय चढला.

आता मी निस्सीमच्या घरी कोळसा भरायला आहे. मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझं आयुष्य झालं. पण मित्रांनो, कुणाचा निरोप तुमच्या हातून हरवला, तर लाज बाजूला ठेवा आणि तोंड उघडा. लोक हसतील, ओरडा बसेल. बसू द्या. निरोप पोचला असं समजून कुणीतरी गप्प वाट बघत असतं. त्याला निदान पुन्हा लिहू द्या.