आ वासलेली तोंडं

मी खाद्याचा डबा बोलतोय. जन्माने तेलाचा. इथं कामाला असलेल्या मावशीने गरम सुरीने माझं तोंड तिरकं कापलं, मूठ तेवढी शाबूत ठेवली. तळ्यातल्या चार नंबरच्या जाळीच्या पिंजऱ्यात मासे वाढवतात. त्यांना ती माझ्यातून दाणे टाकायची.

काठोकाठ भरलो की अर्धा किलो, एवढीच माझी लायकी. मावशी तराफ्यावर उकिडवी बसायची, एक डबा फेकायची आणि थांबायची. मासे उसळले की दुसरा. उसळी मंदावली की मला उपडा ठेवायची. "पोट भरलं यांचं. आता टाकलं तर पाणीच कुजेल." उरलेले दाणे किनाऱ्यावर परत जायचे.

मग नवे साहेब आले. त्यांचं गणित सोपं: जास्त खातील, लवकर वाढतील. नियम झाला, संध्याकाळी रिकामं पोतं दाखवायचं, तरच हजेरी. पोत्यात दाणे उरले, म्हणजे कामगार कामचुकार. तळ्याला पोट नसतं, हे शिकलेल्या माणसाला कुणी समजावायचं?

नियमाच्या पहिल्याच दिवशी आभाळ दाटलेलं, वारा पडलेला. मासे पाण्यावर तोंडं काढून आ वासत होते. साहेब तराफ्यावर आले आणि खूश झाले.

"बघा मावशी, कसे वखवखलेत. आणि तुम्ही म्हणता, पोट भरलं."

"साहेब, ही भूक नाही. पाण्यात दम उरला नाही, म्हणून वर आलेत. आधी हवेचा पंप लावा."

"माशांच्या डॉक्टर कधी झालात?"

"डॉक्टर कसली. सहा वर्षं यांची तोंडं बघतेय."

"मग भरा ना ती. नाहीतर उद्यापासून घरीच बसा."

घरात सून बाळंत झालेली, मुलाचं काम सुटलेलं. मावशीने मला पोत्यात खुपसलं. पन्नास वेळा. दर वेळी मला वाटलं, आता थांबेल. काही माशांनी सवयीने गिळलं. पण खाल्लेलं पचवायलाही श्वास लागतो, तो कुठून आणणार? बाकीचे दाणे पाण्यावर फुगत राहिले.

दुपारपर्यंत तीन हजार मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. साहेबांनी मालकांना कळवलं, बाईने बेसुमार खाद्य टाकलं. पुरावा होताच, रिकामं पोतं. मावशी भांडली नाही. मला तेच डाचतं. "टाकलं तर मीच ना," एवढंच म्हणाली आणि किनाऱ्याकडे निघालेल्या होडीत बसली.

आता पिंजऱ्यात नवी पिल्लं आहेत. मी नव्या माणसाच्या हातात आहे. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "आधीच्या मावशींना का काढलं?"

साहेब म्हणाले, "ऐकायच्या नाहीत."

सहा वर्षांत तिने एकदाच ऐकलं होतं. भल्या माणसा, तू तेवढंही ऐकू नकोस.