अंजनाचं लाकूड

पोलीस ॲक्शनला तीनेक वर्षं झाली होती. छावणीच्या रस्त्यावर तात्यासाहेबांची लाकडाची वखार होती आणि तिथं लाकूड पारखायचं काम मधुसूदनकडं होतं. आलेला माल साग आहे की धावडा, हे तो साल न बघता नुसत्या वासावरून सांगायचा. त्याच्या शब्दावर वखारीत कुणी प्रश्न विचारत नसे.

त्या उन्हाळ्यात शिसवाची एक मोठी फळी हरवली. ती मधुसूदनच्या ताब्यातली होती. तात्यासाहेब आठ दिवस त्याच्याकडं बघायचे ते वेगळ्याच नजरेनं. मग कुणीतरी येऊन सांगितलं, की करवतीवरच्या चांदपाशाच्या अंगणात हातभर लांबीचा, शिसवासारखा काळा तुकडा पडलेला आहे. तात्यासाहेबांनी तो मागवला आणि सगळ्या माणसांसमोर पारखायला मधुसूदनच्या हातात दिला.

चांदपाशा तिथंच उभा होता. तो म्हणाला, हे आपल्या आज्याच्या तेलघाण्याचं लाकूड, तेल पिऊन पिऊन काळं पडलंय. पोलीस ॲक्शननंतरच्या त्या दिवसांत मुसलमान माणसाचं बोलणं सहज खरं धरायची कुणाची तयारी नव्हती.

मधुसूदननं तुकडा हातावर तोलला आणि भार जास्त लागला. वाळलेलं शिसव पाण्यावर तरंगतं. हा तुकडा तरंगणार नाही, असं त्याच्या मनगटानं त्याला सांगितलं. हौद दहा पावलांवर होता. पण तुकडा बुडाला असता, तर हरवलेल्या फळीचा जाब पुन्हा त्यालाच द्यावा लागला असता.

"शिसव आहे," तो म्हणाला.

चांदपाशाला त्याच दिवशी काढून टाकलं. बोभाटा झाला आणि शहरातल्या एकाही वखारीत त्याला काम मिळेना. तो बायकोला, मेहरुन्निसाला, घेऊन बिडकीनला गेला आणि तिथं बाभळी तोडू लागला.

तुकडा वखारीतच कोपऱ्यात पडून राहिला. मधुसूदन त्या बाजूला जायचं टाळायचा. चार महिन्यांनी एका दुपारी सगळे जेवायला गेलेले बघून त्यानं तो हौदात सोडला. तुकडा सरळ तळाला गेला. बाहेर काढून त्यानं रंध्यानं एक कड तासली. आतून लालसर तपकिरी निघाली, शिसवाचा गोडसर वास नावालाही नव्हता. अंजन. खानदेशाकडून येणारं, कुऱ्हाडीची धार परतवणारं लाकूड.

घरी त्याला जेवण गेलं नाही. बायकोनं, कालिंदीनं, विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय होणार? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

जायला त्याला आणखी दीड महिना लागला. शेवटी एका रविवारी तुकडा पोत्यात गुंडाळून तो बिडकीनला गेला. चांदपाशा ओट्यावर कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. मेहरुन्निसानं पाणी आणून ठेवलं आणि ती आत गेली. मधुसूदननं तुकडा पुढं ठेवला, हे अंजन आहे, शिसव नव्हे, असं सांगितलं आणि माफी मागितली.

चांदपाशानं तुकड्यावरून हात फिरवला. "मधुसूदनराव, तुम्ही चुकला व्हता, का तुम्हाला तवाच कळलं व्हतं?"

खोटं बोलायची वाट समोर उघडी होती. चूक झाली म्हटलं असतं, तर बहुतेक तिथंच मिटलं असतं.

"तवाच कळलं होतं, चांदभाई."

चांदपाशा पुन्हा दांडा ठोकू लागला. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाला, "इथं सांगून काय उपेग? जिथं बोलला व्हता, तिथं जाऊन बोला. त्याच माणसांम्होरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी करवती सुरू व्हायच्या आत मधुसूदननं सगळ्यांना बोलावून ते सांगितलं. तेव्हाच कळलं होतं, तरी आपण शिसव म्हणालो, हेही सांगितलं. तात्यासाहेबांनी त्याला आत बोलावून, असल्या पारख्याचा आता काय भरवसा, एवढंच म्हटलं. महिना संपता संपता त्याचं काम सुटलं. फळीचं काय झालं, ते कधीच कळलं नाही.

ही गोष्ट पसरल्यावर चांदपाशाला छावणीतल्याच दुसऱ्या वखारीत करवतीचं काम मिळालं. मधुसूदन चितेगावच्या एका सुताराकडं जाऊ लागला. छावणीच्या बाजारात कधी दोघांची गाठ पडे. चांदपाशा ओळख दाखवायचा, मान हलवायचा, पण थांबत नसे. मधुसूदन मात्र तो दिसेनासा होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा राहायचा. एकदा कालिंदी म्हणाली, हाक मारा की. त्यानं मारली नाही.