बिगर चेसीची बॉडी

शहागडला हायवेच्या कडेला अजमतचं ट्रकची बॉडी बांधायचं दुकान होतं. कंपनीतून ट्रक येतो तो नुसती चेसी घेऊन, म्हणजे चाकं, इंजिन आणि उघडा सांगाडा. त्यावर अँगल, पत्रे आणि फळ्यांचा हौदा चढवायचा, त्याला बॉडी म्हणतात. दुकानावर पाटी होती: 'येथे सर्व प्रकारच्या मजबूत बॉड्या बांधून मिळतील.' पाटी रंगवताना पेंटर कल्याणनं 'ट्रकच्या' हा शब्द गाळला होता. दुसऱ्या कशाची बॉडी शहागडात कोण मागणार?

मागणारा आला. फार लांबून आला, तारे ओलांडून. त्याला अंग नव्हतं. वाटेत दुसऱ्यांची अंगं घालून त्यानं काही जगं संपवली होती, पण उसन्या अंगात बरकत नसते, ती लवकर झिजतात. त्याला स्वतःचं, टिकाऊ हवं होतं. पाटी वाचून तो उतरला आणि बोलायला तोंड हवं म्हणून पाटीखाली डबा खात बसलेल्या कल्याणमध्ये शिरला.

काहीतरी बिनसलंय हे अजमतला लगेच कळलं, कारण कल्याण गप्प झाला. हा माणूस घास चावताना बोलायचा, रंग देताना बोलायचा, झोपेतही बोलतो असं त्याची बायको शीतल सांगायची.

"अजमत, बॉडी पायजे," तो शेवटी म्हणाला.

"चाचा म्हन की रे. आन गाडी कुठाय?"

"गाडी न्हाई. मला पायजे. मी कल्याण न्हाई. कल्याण घालून आलोय."

अजमत हसला. तेव्हा समोरच्यानं वेल्डिंगवरून नुकताच उतरवलेला लाल अँगल उघड्या हातानं उचलला. कातडं जळाल्याचा वास सुटला तरी खाली ठेवला नाही. अजमतचं हसू तोंडातच वाळलं.

"लेकराला भाड्याच्या सायकलीवानी वापरून राह्यला का रे!"

"सायकल म्हंजे काय?" त्यानं विचारलं. खरंच माहीत नव्हतं.

शीतल धावत आली. तिनं नवऱ्याला दर्ग्यात नेलं, मारुतीला नारळ फोडला. तो दोन्हीकडं शांत बसला, दोन्हीकडचा प्रसाद खाल्ला आणि बॉडी कुठवर आली ते विचारलं. त्याचं मांस उतरत चाललं होतं. दात सुटले, की तो ते शेंगांच्या टरफलासारखे थुंकायचा.

"चाचा, हा माणूस संपतो," शीतल म्हणाली. "बांधा काय बांधायचं ते. जल्दी बांधा."

अजमतनं वही बाजूला सारली आणि समोरच्यालाच विचारलं, "हात-पाय पायजेत का?"

"नको. तुमच्यात ज्याला हात-पाय असत्यात त्यालाच काम सांगत्यात. छाती रुंद पायजे. आन मजबूत. एकदा बांधलेल्या अंगात शिरलो की जिवंत अंगाला टेकल्याबिगर भाईर पडता येत न्हाई मला. तोवर अंग तुटलं तर मीबी तुटलो."

"आन बॉडी मिळाल्यावर काय करनार?"

"पयलं शहागड चिरडतो. मंग जालना. मंग बाकीचं."

"जालन्याला बायपासनं जा," अजमत बोलून गेला. धंद्याची सवय.

अजमतनं बॉडी बांधली, आयुष्यात बांधली नव्हती अशी. दुहेरी पत्रा, जाड अँगल, मागं दारासारखा उघडणारा भक्कम फाळका. सगळी लाकडी ठोकळ्यांवर उभी केली. चेसीचा विषय त्यानं काढला नाही. पाटीवरही तो नव्हता.

भर दुपारी कल्याणनं फाळक्याला कपाळ टेकवलं आणि खाली कोसळला. शीतलनं त्याला ओढत पार भिंतीपर्यंत नेलं. पत्रा थरथरला.

"वा!" फाळका बोलला. आवाज कल्याणचा होता. "बराबर झाली." मग कुरकुर झाली, अँगल ताणले गेले. "चाचा, हे हलत का न्हाई?"

"बॉडी हलत नसती," अजमत म्हणाला. "चेसी हलती."

"मंग चेसी आन."

"पाटी परत वाच."

हायवेवरून दोन ट्रक गेले. भिंतीशी कल्याणनं डोळे उघडले. शीतलला ओळखलं, तिचा हात धरला, तोंड उघडलं. आतून नुसती हवा आली.

"त्याचा आवाज माझ्याकडंय," फाळका म्हणाला. "तो आता बोलनार न्हाई. परत पायजे तर त्याला हितं टेकवा. मी आत येतो, आवाज संगं आनतो."

अजमतनं हातमोजे आणि काळा चष्मा चढवून गॅस कटर पेटवला आणि कडेचा पत्रा कापायला घेतला.

"चाचा! चाचा, दुखून राह्यलंय! मी कल्याण हाय, मला कापून राह्यले तुम्ही!" आवाज तोच, चाचा म्हणायची ओढ तीच. अजमतचा हात थांबला. त्यानं भिंतीकडं पाहिलं. कल्याण स्वतःचं ओरडणं ऐकत बसला होता आणि मान हलवून सांगत होता, कापा.

अजमतनं कापलं. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. आवाजानं शिव्या दिल्या, मग गयावया केली, मग लहान पोरासारखी आई आई केली. अजमतला रडू येत होतं आणि चष्म्याआड डोळे पुसता येत नव्हते. शेवटी फाळक्याचा ताटाएवढा तुकडा उरला.

"थांबा चाचा," शीतल म्हणाली.

"बेटी, जवळ जाऊ नको."

"न्हाई जात." ती लांबूनच त्या तुकड्याला म्हणाली, "माझं नाव घे. तो सकाळी उठवायला घ्यायचा, तसं."

तुकड्यानं ऐकलं. तो शहाणा होता, यातून काही जमेल असं त्याला वाटलं असणार. म्हणून त्यानं जीव ओतून नाव घेतलं, अगदी हळू, शेवटचं अक्षर लांबवून. "शीतलऽ."

ती डोळे मिटून ऐकत होती. मग कल्याणजवळ जाऊन तिनं त्याचे दोन्ही कान तळव्यांनी घट्ट झाकले.

"आता कापा," ती म्हणाली.