शेवटच्या सीटवरचा प्रसंग

मास्तर कधी शाळेत शिकवायला गेले नव्हते. पस्तीस वर्षं ते वर्तमानपत्रात चित्रपटांची परीक्षणं लिहीत आले होते. पण लिहायचे असं, की जणू समोर एखादं मूल बसलंय आणि कुणालाच घाई नाही. म्हणून वाचकांनीच हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. गेली सहा वर्षं दर शनिवारी ते मुलीबरोबर पॉडकास्टही करत. दोघं नव्या चित्रपटावर बोलत, मुलगी ते कापून-जोडून नीटनेटकं करी आणि रविवारी ते लोकांच्या फोनवर जाई. मास्तरांनी स्वतः मात्र एकही भाग ऐकला नव्हता. "आपणच वाढायचं आणि आपणच वा वा करायची, शोभत नाही," असं ते म्हणत.

त्या मंगळवारी ते केस कापायला गेले. न्हावी त्यांचा जुना श्रोता.

"मास्तर, तब्येत बरी आहे ना हल्ली?"

"का रे? डोक्यावर काही दिसतंय?"

"डोक्यावर दिसायला आता उरलंय काय!" न्हावी हसला. "तुमच्या कार्यक्रमाबद्दल म्हणतोय. पूर्वी एका भागात माझी तीन गिऱ्हाइकं व्हायची. आता एकाची दाढी होते न होते तोच संपतो. आणि बोलते सगळं ताईच. तुम्ही आपले हूं, हूं."

"हूं?"

"हे बघा, असंच."

मास्तर हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. गेल्या शनिवारी आपण चांगले सव्वा तास बोललो, हे त्यांना पक्कं आठवत होतं. रेकॉर्डिंग झोपायच्या खोलीत होई. आवाज घुमू नये म्हणून कपाटाला गादी टेकवायची आणि घरघर नको म्हणून पंखा बंद. त्या दिवशी सदरा अंगाला चिकटला होता, इतकं बोलले होते ते.

घरी येऊन त्यांनी तो भाग लावला. सत्तावीस मिनिटांचा निघाला.

चित्रपट एका तरुण दिग्दर्शिकेचा, पहिलाच होता. शाळेची बस चालवणारा एक बाप. मुलगा भांडून घर सोडून गेलेला. दोन तास बापाचा राग तसूभर हलत नाही, आणि शेवटी मुलगा दाराशी येतो तेव्हा बाप मुकाट्याने दार उघडतो. मास्तरांचा आक्षेप एकच होता, पण मोठा होता: बाप दार का उघडतो? चित्रपट कारणच देत नाही. शुक्रवारच्या परीक्षणात त्यांनी हेच लिहिलं होतं आणि शनिवारी त्यावर दहा मिनिटं बोलले होते. भागात त्यातलं अक्षरही नव्हतं.

मुलगी टेबलाशी हेडफोन लावून काम करत होती. मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"दाराबद्दल बोललो ते कुठे गेलं?"

तिने हेडफोन उतरवले. "काढलं मी."

"मुख्य मुद्दाच काढलास? अगं, मग राहिलं काय? नट-नट्यांची चौकशी?"

"बाबा, कारण आहे चित्रपटात. मध्यंतरानंतर. बाप रिकाम्या बसमध्ये मागे जाऊन बसतो, तो प्रसंग."

"असा प्रसंगच नाही."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज थोडा खाली आणला. "मग डुलकी लागली असेल मला. वय झालं."

"नाही लागली. मी शेजारीच होते ना. तुम्ही जागे होता, बाबा. त्या प्रसंगाला तुम्ही माझा हात धरलात."

मास्तर आत गेले आणि वही घेऊन आले. अंधारात खाली न बघता लिहायची त्यांची सवय होती. डावा अंगठा ओळीवर ठेवायचा, लिहून झालं की एक बोट खाली सरकवायचा. अक्षरं वेडीवाकडी येत, पण ती त्यांना वाचता येत. त्यांनी पानं उलटली. असा प्रसंग नाही हे त्यांना तिला दाखवून द्यायचं होतं.

पाचव्या पानावर त्यांचंच अक्षर होतं: "रिकामी बस. बाप शेवटच्या सीटवर. पुढच्या सीटच्या पाठीवर खिळ्याने कोरलेलं मुलाचं नाव. त्यावरून बोट फिरवतो. एक शब्द नाही. वा!" आणि 'वा'खाली दोन रेघा. दोन रेघा ते वर्षाकाठी एखाद्या प्रसंगाला देत, कधी तेवढ्याही नाही.

त्यांनी ते तीनदा वाचलं. दुसऱ्याच कुणाची वही चुकून हाती लागल्यासारखं वाचलं.

"किती दिवस कापतेस असं?"

"वर्ष होईल." ती टेबलाकडे बघत बोलली. "आधी नुसती नावं चुकायची. मग एकच गोष्ट एका भागात दोनदा सांगायला लागलात. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर तुम्ही चष्मा बदलून आलात."

"आणि माझी परीक्षणं?"

"ती तुम्ही परस्पर पाठवता. मी शुक्रवारीच वाचते, सगळ्यांसारखी."

मास्तर खुर्चीवर बसले आणि कितीतरी वेळ वही मिटतच राहिले. मिटायची, उघडायची, पाचवं पान बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शिकेचा निरोप आला. "सर, तुमचं परीक्षण वाचून झोप लागली नाही, पण पटलं. तुमच्यासारख्यांच्याही लक्षात आला नाही, म्हणजे बसमधला प्रसंग पोचतच नाही. निर्माते पहिल्यापासून तो काढा म्हणत होते, मीच हट्टाने ठेवला होता. महिनाअखेर चित्रपट इतर शहरांत लागेल, त्या प्रतीतून तो काढतेय. बाप तोंडानेच कारण सांगेल असं करू. शिकवलंत, आभार."

'शिकवलंत' या शब्दाशी मास्तर अडखळले. चुका त्यांनी पूर्वीही केल्या होत्या, कोण करत नाही? पण चांगलं केलेलं गणित कुणी आपल्यामुळे खोडायला निघालंय, हे त्यांच्याच्याने बघवेना. त्यांनी तिला फोन लावला.

"तो प्रसंग काढू नकोस. उत्तम आहे. मीच लिहून ठेवलंय तसं."

"सर, तुमचा मोठेपणा आहे," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून बोलताय. पण छापलंय ते खरं ना? निर्माते छापलेलंच बघतात."

फोन ठेवून ते मुलीला म्हणाले, "शनिवारी मी सगळं बोलणार. तू कापायचं नाहीस."

"बाबा, एकदा बोललात की परत घेता येणार नाही. उद्या तुम्ही अगदी बरोबर लिहिलंत तरी लोक विचारतील, यांनी पाहिलं तरी का? तुमचं लिहिणं जाईल."

"ते असंही जातंय. त्याच्याबरोबर त्या पोरीचं कशाला न्यायचं?"

शनिवारी गादी टेकवली, पंखा बंद केला. मास्तरांनी वहीतली ओळ वाचून दाखवली. मग म्हणाले, "अक्षर माझं आहे. प्रसंग मी पाहिला आणि मला आवडला. दोन दिवसांत तो माझ्या डोक्यातून पुसला गेला, आणि चित्रपटात कारणच नाही म्हणून मी छापलं. चूक चित्रपटाची नाही. त्यातला एक क्षणही कुणी काढू नये. ज्याच्या लक्षात राहत नाही त्याने निकाल देऊ नये, म्हणून हे माझं शेवटचं परीक्षण." मग बराच वेळ गप्प. मुलीने ती शांतताही कापली नाही.

सोमवारी संपादकांचा फोन आला. ते फार गोड बोलले, 'विश्रांती' हा शब्द चारदा वापरला, आणि शुक्रवारची जागा पाककृतींना गेली. बुधवारी मुलीने मास्तरांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बरंच काही सांगितलं, त्यात 'बरं होईल' हे कुठेच नव्हतं.

महिनाअखेरीला दिग्दर्शिकेचा निरोप आला. मुलीने तो मोठ्याने वाचला. "सर, प्रसंग ठेवला. निर्मात्यांना तुमचा भाग ऐकवला, मग कुणी काही बोललं नाही. आज इथे त्या प्रसंगाला सगळं थिएटर चिडीचूप होतं."

मास्तरांचा चेहरा खुलला. "छान, छान. फार चांगलं झालं." मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. "कुठला गं प्रसंग?"

तिने फोन उपडा ठेवला. ती लहान असताना चित्रपट पाहून परतताना मास्तर तिला एकच गोष्ट सांगत: आधी काय दिसलं ते सांग, आवडलं का ते मागाहून. घाई नाही. तिने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"एक रिकामी बस आहे, बाबा. मुलं उतरून गेलीत. ड्रायव्हर उठतो आणि सीट धरत धरत मागे जातो."

"हूं," मास्तर म्हणाले.

"शेवटच्या सीटवर बसतो. समोरच्या सीटच्या पाठीवर खिळ्याने काहीतरी कोरलंय."

मास्तर पुढे वाकले. "काय?"